ळ कमी पडतो

विद्यापीठाची झाडं तेव्हा कमरेएवढी होती,
सावली शोधायची तर इमारतीचीच.
गिरणेवरून वारा यायचा तो थेट नोटीसबोर्डावर,
आणि माझा जाहीरनामा
तीनदा टाचून चौथ्यांदा उडाला.

संपादकपदासाठी इंदुमती भदाणे.
एकच पान, झेरॉक्स, पन्नास पैशांचं.
वार्षिकांकात कुलगुरूंचा फोटो एकदाच येईल.
कवितांना उरलेली जागा देणार नाही.
आणि जो जसं बोलतो तसं लिहील,
ते तसंच छापू.

हे तिसरं कलम वाचून
नाशिकच्या मुली मेसमध्ये म्हणाल्या,
म्हणजे जयगाव? म्हणजे केयी, डोया?
मी शेवभाजीत भाकरी कुस्करत राहिले.
पहिल्या वर्षी त्यांनी गाव विचारलं
आणि मी पारोया म्हणाले,
तेव्हापासून माझं नावच ते.
सुट्टीत घरी मी दार लावून
जीभ टाळूकडे वळवून घोकत बसले,
पारोळा, पारोळा.
माय बाहेरून म्हणाली,
कसाले वं, गाव बदलनं का काय?

समोर प्रफुल्ल नेहते.
फैजपूरकडचा, उंच, ओठावर कायम घाम.
त्याच्या पोरांनी मळ्यात भरीत पार्टी दिली,
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, कांद्याची पात,
कळण्याच्या पुऱ्या, रात्री दहापर्यंत.
माझा प्रचारप्रमुख सुरमल पावराही जेवून आला.
मत तुलाच, म्हणाला, हाताला धुराचा वास,
पण वांगी चांगली होती.

मतदार एक्केचाळीस,
आम्ही दोघं धरून.

भाषणात मी बरीच बोलले.
लोकशाही आली, अभिव्यक्ती आली,
शब्दात ळ आला की जपून पाय टाकला.
मग तो उठला.
मला लेख फारसा जमत नाही, म्हणाला.
माझे वडील बळीराम पेठेत खिळे जुळवतात.
लहानपणी मला एकच काम,
शेजारच्या छापखान्यातून ळ उसने आणायचे.
मजकूर मोठा असला की आधी तोच संपतो.
वडील म्हणायचे, आपल्याकडे
तोंडात नाही तो, अन् पेटीतही पुरत नाही.
तेवढं बोलून बसला.

कोणी हसलं नाही.
मी हसले.

चिठ्ठी हातात आली तेव्हा पेन थांबलं.
स्वतःचं नाव स्वतः लिहायचं
हे घरात कुणी शिकवलं नव्हतं, ते एक कारण.
दुसरं ते खिळे,
एका मुलाच्या मुठीत घामेजलेले, उलटे,
पेठेतला रस्ता ओलांडणारे.
मी नेहते लिहिलं. घडी घातली.

एकवीस, वीस.
सुरमलने आकडा ऐकला,
त्याला शब्द दिलेली माणसं बोटांवर मोजली,
दोनदा मोजली, माझ्याकडे पाहिलं
आणि आठ दिवस बोलला नाही.

नेहतेने मला मुद्रितं तपासायला बसवलं.
कुलगुरू चार ठिकाणी होते.
सुरमलची पावरीतली कविता
शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली.
तिसरं कलम मात्र त्याने न विचारता उचललं होतं,
यावलच्या नजमा तडवीची गोष्ट,
एका बैलाची, त्यात सात वेळा डोया.

वडिलांनी सवयीने सातही ठिकाणी डोळा जुळवला.
मी लाल शाईने य केले.
दुसऱ्या मुद्रितात पुन्हा ळ.
मग मीच गेले बळीराम पेठेत.
काळी बोटं, चष्म्याला दोरा.
पोरी, म्हणाले, जन्मभर उसने आणून लावले,
आता काढायचे म्हणजे...
आणि चिमट्याने एकेक उचलू लागले.

सहा निघाले.
सातवा राहिला, पान अठ्ठावन्न,
खालून तिसरी ओळ.
अंक अजून माझ्याकडे आहे.
तो चुकून राहिला की त्यांनी ठेवला,
ते मी तेव्हाही विचारलं नाही.